लहान गाळधरणांची सुरक्षा व देखरेख

खनिज दळून त्यातील उपयुक्त भाग वेगळा काढल्यानंतर जो पाणीमिश्रित बारीक गाळ उरतो, त्यास टेलिंग्ज असे म्हणतात. हा गाळ अडवून साठवण्यासाठी बांधलेला बांध म्हणजे गाळधरण किंवा टेलिंग्ज धरण होय. गाळधरण एकदाच बांधून पूर्ण होत नाही. खाण चालू असेपर्यंत त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढत जाते. त्यामुळे त्याच्या बाबतीत देखरेख हे बांधकामानंतरचे काम नसून बांधकामाचाच एक भाग मानले जाते.

गाळधरणाचा धोका त्याच्या आकारावरून ठरत नाही. बांधाच्या पोटातील पाण्याची स्थिती, खालच्या अंगाला असलेली वस्ती आणि पाहणीतील नियमितपणा या तीन गोष्टींवर तो अवलंबून असतो. उत्तर इटलीतील स्ताव्हा येथे १९ जुलै १९८५ रोजी तुलनेने लहान अशी दोन गाळधरणे फुटून २६८ जण मृत्युमुखी पडले. लहान गाळधरणांच्या सुरक्षेच्या अभ्यासात ही दुर्घटना आजही मूलभूत उदाहरण म्हणून घेतली जाते.

स्वरूप

धातुपाषाण कारखान्यात आधी फोडला व नंतर दळला जातो. प्लवन पद्धतीत त्या पिठात पाणी व रसायने मिसळून हवेचे बुडबुडे सोडतात. हवे असलेले खनिज बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते आणि उरलेला भाग तळाशी राहतो. हा उरलेला भाग पातळ चिखलाच्या रूपात नळांतून तलावाकडे वाहून नेला जातो.

तलावाच्या काठावर सोडल्यावर या चिखलातील जाड, वाळूसारखे कण लवकर खाली बसतात आणि बांधालगत उतरती पुळण तयार होते. बारीक कण पाण्याबरोबर आतपर्यंत जातात व अतिशय सावकाश खाली बसतात. वर उरलेले निवळ पाणी उभ्या मनोऱ्यातून, नळातून किंवा पंपाने काढून पुन्हा कारखान्यात वापरतात. तलावाचे पाणी बांधापासून दूर राहावे आणि मध्ये रुंद, कोरडी पुळण असावी, ही सुरक्षिततेची पहिली अट होय. पाणी बांधाला टेकले की बांधाच्या पोटातील पाण्याची पातळी चढू लागते.

पाण्याचे धरण आणि गाळधरण यांत काही मूलभूत फरक आहेत. पाण्याचे धरण निवडलेल्या मातीचे, दगडाचे किंवा काँक्रीटचे असते. गाळधरणाचा बांध पुष्कळदा त्याच गाळातील वाळूचा असतो. पाण्याचे धरण उत्पन्न देते, म्हणून त्याची निगा राखण्यात मालकाचा स्वार्थ असतो. गाळधरण मात्र केवळ खर्चाची बाब असते. पाण्याचे धरण गरज पडल्यास रिकामे करता येते. गाळधरणातील गाळ जिथे आहे तिथेच राहतो.

लहान धरण

मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या व्याख्येनुसार पायापासून १५ मीटर किंवा त्याहून अधिक उंचीचे धरण मोठे गणले जाते. उंची ५ ते १५ मीटर असली तरी साठा ३० लाख घनमीटरांहून अधिक असल्यास तेही मोठे ठरते. प्रत्यक्षात खाणक्षेत्रात 'लहान' हा शब्द सैलपणे वापरला जातो. कमी साठ्याचे, एका छोट्या खाणीशी जोडलेले आणि स्वतंत्र अभियंता नसलेले धरण त्यात येते. आरंभी ८-१० मीटरांचा असलेला बांध काही वर्षांत २५ मीटरांवर जाऊ शकतो, आणि तरीही कागदोपत्री व लोकांच्या मनात तो लहानच राहतो.

स्ताव्हा येथे सुमारे १,८०,००० घनमीटर गाळ बाहेर पडला. महाराष्ट्रातील एखाद्या पाझर तलावात मावेल इतकाच हा साठा होता. तीव्र उताराच्या अरुंद दरीत आणि पायथ्याशी वस्ती असताना तेवढा गाळ एका खेड्याचा विध्वंस करण्यास पुरेसा ठरला.

उंची वाढवण्याच्या पद्धती

बांधाची उंची वाढवण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत.

बाहेरील बाजूने चढवणी: प्रत्येक नवा थर जुन्या बांधाच्या बाहेरील अंगावर टाकला जातो. संपूर्ण बांध घट्ट जमिनीवर उभा राहतो. बांधाचा छेद उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे उंची दुप्पट करण्यासाठी सुमारे चौपट भराव लागतो. ही पद्धत सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत महाग होय.

मध्यरेषा पद्धत: बांधाचा माथा सरळ वर चढत जातो. भराव काही अंशी बाहेर आणि काही अंशी आतील पुळणीवर टाकला जातो.

आतील बाजूने चढवणी: प्रत्येक नवा बांध आधी साठलेल्या गाळाच्या पुळणीवर आत सरकवून बांधला जातो. यात भराव सर्वांत कमी लागतो, परंतु वरचा बांध मऊ, ओल्या गाळावर उभा राहतो. गाळाचा निचरा होऊन तो घट्ट होण्यापूर्वी उंची वाढवली, तर संपूर्ण रचना अस्थिर होते.

चिलीमध्ये १९६५ च्या भूकंपात एल कोब्रे येथील गाळधरणे कोसळून दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर त्या देशाने आतील बाजूने चढवणीस बंदी घातली. ब्राझीलने अशी बंदी २०१९ मध्ये घातली.

फुटण्याची कारणे

गाळधरणे फुटण्याची कारणे निरनिराळी दिसत असली, तरी बहुतेकांच्या मुळाशी पाणी असते.

माथ्यावरून पाणी जाणे: अतिवृष्टीत तलाव भरून पाणी बांधावरून वाहू लागले की वाळूचा बांध फार वेगाने कापला जातो. दगडी सांडव्यावरून पाणी वाहू शकते. गाळाच्या बांधावरून ते वाहता कामा नये.

पोटातील पाणी चढणे: बांधाच्या आत ज्या पातळीखाली सर्व छिद्रे पाण्याने भरलेली असतात, तिला संपृक्त रेषा म्हणतात. कणांमधील पाण्याचा दाब वाढला की कण एकमेकांवर कमी भाराने टेकतात व त्यांच्यातील घर्षण घटते. उतार तोच आणि माती तीच राहूनही बांध दुर्बळ होतो. संपृक्त रेषा चढून बाहेरील उतारावर उघडी पडल्यास तेथे ओल दिसते, माती ढासळते आणि घसरण सुरू होते.

द्रवीभवन: सैल साठलेल्या, पाण्याने भरलेल्या बारीक वाळूला एकाएकी धक्का बसला किंवा ती सरकली, तर तिचे कण एकमेकांजवळ येऊ पाहतात. मधल्या पाण्याला निघून जाण्यास वेळ मिळत नाही, सगळा भार पाण्यावर येतो आणि घन दिसणारा गाळ क्षणार्धात दाट द्रवासारखा वाहू लागतो. यासाठी भूकंपच व्हावा लागतो असे नाही. चढलेले पाणी किंवा पायथ्याची लहानशी घसरणही पुरते.

आतून पोखरण: पाझरणारे पाणी बारीक कण बरोबर नेऊ लागले की बांधात नळीसारखी पोकळी तयार होते. बांधाखालून किंवा बांधातून नेलेल्या नळांच्या कडेने हा धोका विशेष असतो. असा नळ फुटला किंवा चेपला, तर तो दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य असते.

पाया खचणे: बांधाखाली मऊ चिकणमातीचा थर किंवा दलदल असल्यास वरचा भार वाढत जाऊन पाया सरकतो. कॅनडातील माउंट पॉली खाणीचे धरण ४ ऑगस्ट २०१४ रोजी फुटले, त्यामागे पायातील हिमनदीकालीन सरोवराच्या मातीचा दुर्बळ थर असल्याचे चौकशीत आढळले.

स्ताव्हा येथील दुर्घटना

पार्श्वभूमी

स्ताव्हा हे त्रेंतो प्रांतातील फियेम्मे खोऱ्यात, तेझेरो या गावाच्या हद्दीत वसलेले छोटे पर्यटनस्थळ आहे. त्याच्या वरच्या डोंगरात प्रेस्ताव्हेल येथे फ्ल्युओराइट या खनिजाची खाण होती. प्लवन पद्धतीचा वापर सुरू झाल्यावर १९६१ मध्ये गाळासाठी पहिला तलाव बांधण्यात आला. त्याचा बांध ९ मीटर उंच असावा असा मूळ बेत होता. प्रत्यक्षात तो २५ मीटरांच्या आसपास गेला. १९६९ मध्ये त्याच्या लगेच वरच्या अंगाला दुसरा तलाव बांधण्यास प्रारंभ झाला. या दुसऱ्या बांधाचा काही भाग खालच्या तलावातील न मुरलेल्या गाळावर उभा होता. दोन्ही मिळून रचनेची एकूण उंची ५० मीटरांहून अधिक झाली.

मूळ जागा उताराची व पाणथळ होती. निवळ पाणी काढण्याचे नळ तलावांच्या तळातून आणि बांधांच्या खालून नेलेले होते. गाळाचा निचरा होण्यास ही स्थिती प्रतिकूल होती.

१९७४ ची विचारणा

धरणे सुरक्षित आहेत काय, अशी विचारणा तेझेरोच्या नगरपालिकेने १९७४ मध्ये खाण खात्याकडे केली. खात्याने तपासणीचे काम खाण चालवणाऱ्या कंपनीकडेच सोपवले. १९७५ मध्ये झालेल्या या तपासणीत अनेक चाचण्या वगळण्यात आल्या होत्या. तरीही वरच्या बांधाचा उतार असाधारण तीव्र आहे आणि त्याची स्थिरता काठावर आहे, असे त्यात दिसून आले. नगरपालिकेला कळवलेले उत्तर मात्र अनुकूल होते. उतार थोडा कमी करून बांध चढवणे चालू राहिले. गावाने योग्य प्रश्न दुर्घटनेच्या अकरा वर्षे आधी विचारला होता. त्याच्या उत्तरादाखल मोजमापांऐवजी आश्वासन मिळाले.

अखेरचे महिने

जानेवारी १९८५ मध्ये वरच्या बांधाचा काही भाग, जिथून निचऱ्याचा नळ जात होता तिथेच, घसरला आणि त्यानंतर बराच काळ तेथून पाणी पाझरत राहिले. उन्हाळ्याच्या आरंभी खालच्या तलावातील नळ निकामी होऊन तलावात मोठा खळगा पडला व पाणी आणि पातळ गाळ त्यातून निघून गेला. दुरुस्तीसाठी तलावांतील पाणी उतरवण्यात आले, नळाला वळसा देण्यात आला आणि जुलैच्या मध्यास तलाव पुन्हा भरून नेहमीप्रमाणे वापरात आणले गेले. घसरण, पाझर आणि खळगा या तिन्ही घटना डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या. प्रत्येकीकडे स्वतंत्र दुरुस्तीचे काम म्हणून पाहिले गेले. त्या तिन्ही मिळून बांधाच्या पोटातील पाण्याविषयी काय सांगतात, हा प्रश्न घेऊन काम थांबवले गेले नाही.

१९ जुलै १९८५

शुक्रवारी दुपारी १२ वाजून २२ मिनिटांनी वरचा बांध कोसळला. त्यातील गाळ खालच्या तलावावर आदळून तोही फुटला. द्रवरूप झालेला गाळ ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगाने दरीतून खाली आला आणि सुमारे चार किलोमीटरांवरील आव्हिझियो नदीपर्यंत गेला. वाटेतील ३ हॉटेले, ५३ घरे, ६ औद्योगिक इमारती व ८ पूल नष्ट झाले. मृतांत स्थानिक रहिवाशांबरोबर सुटीसाठी आलेली कुटुंबेही मोठ्या संख्येने होती. धरणाचा पायथा आणि पहिली घरे यांतील अंतर इतके थोडे होते की इशारा देण्यास अवधीच नव्हता.

चौकशी

बांधाची चिरंतन अस्थिरता हे कोसळण्याचे कारण ठरवण्यात आले. पाणथळ जागेची निवड, मऊ गाळावर उभारलेला वरचा बांध, त्याचा अतितीव्र उतार, तळातून नेलेले नळ आणि वीस वर्षांहून अधिक काळ गंभीर तपासणीचा अभाव ही त्यामागील कारणे होती. भूकंप किंवा असाधारण पाऊस यांचा त्यात वाटा नव्हता. न्यायालयीन कारवाई १९९२ मध्ये संपली आणि खाणीशी व देखरेखीशी संबंधित १० जण दोषी ठरले.

देखरेखीची पद्धत

लहान धरणाच्या देखरेखीसाठी फार महागडी साधने लागत नाहीत. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मार्गाने केलेली पाहणी आणि काही साधी मोजमापे यांतून बहुतेक दोष वेळेवर लक्षात येतात.

पायी पाहणी

प्रशिक्षित कर्मचाऱ्याने बांधाचा माथा, बाहेरील उतार, पायथा व नळांची मुखे यांवरून चालत जाऊन पाहणी करणे हा देखरेखीचा पाया आहे. चालू तलावावर ती रोज, आणि मुसळधार पावसात प्रत्येक पाळीत करतात. पाहणीत पुढील गोष्टी नोंदवल्या जातात:

माथ्यावरील भेगा, माथ्याला समांतर जाणारी भेग घसरणीची पूर्वसूचना असू शकते.
उतारावरील फुगवटा, खचलेला भाग किंवा खळगा.
कोरड्या दिवसांत दिसणारी ओल, क्षारांचे पांढरे डाग किंवा एकाच पट्ट्यात उगवलेले हिरवे गवत.
पायथ्याशी नव्याने फुटलेला झरा आणि त्याच्या पाण्याचा रंग.
उंदीर-घुशींची बिळे, झाडांची मुळे, पावसाने पडलेल्या घळी.
तलावातील पाण्याची जागा आणि पुळणीची रुंदी.

दर वेळी त्याच ठिकाणी उभे राहून घेतलेली छायाचित्रे उपयुक्त ठरतात, कारण हळूहळू होणारा बदल रोज पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटतो.

तलावाची पातळी व मोकळी उंची

तलावातील पाणी आणि माथ्याचा सर्वांत खालचा बिंदू यांतील उभे अंतर, म्हणजे मोकळी उंची, सतत राखावी लागते. तिचा हिशेब पावसावरून करतात. उदाहरणार्थ, ५ हेक्टर क्षेत्राचे पाणी तलावात येत असेल आणि पाण्याचा पृष्ठभाग २ हेक्टर असेल, तर एका दिवसातील ३०० मिलिमीटर पावसाने १५,००० घनमीटर पाणी जमा होते व पातळी ७५ सेंटिमीटरने चढते. पश्चिम किनारपट्टीवर याहून अधिक पावसाचा विचार करणे भाग आहे. मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी नोंदवलेल्या ९४४ मिलिमीटर पावसाने याच तलावाची पातळी सुमारे २.३५ मीटर चढली असती. यात लाटांची उंची आणि सांडव्याची क्षमता धरलेली नाही.

पिझोमीटर

बांधाच्या पोटातील पाणी डोळ्यांना दिसत नाही. ते मोजण्यासाठी पिझोमीटर वापरतात. त्याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे खालच्या टोकाला छिद्रे असलेली, बांधात उभी बसवलेली नळी. तीत पट्टी सोडून पाणी किती खोल आहे ते मोजले जाते. कंपनतार प्रकारचे पिझोमीटर पाण्याचा दाब थेट मोजतात व त्यांची नोंद दूरवरही पाठवता येते. एका पिझोमीटरवरून फारसे कळत नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत एका रेषेत बसवलेल्या तीन-चार पिझोमीटरांवरून संपृक्त रेषेचा आकार काढता येतो.

वाचन पाऊस व तलावाची पातळी यांच्याबरोबर एकाच आलेखावर मांडावे लागते. पावसाबरोबर चढून नंतर उतरणारे पाणी सहसा चिंताजनक नसते. पाऊस थांबूनही न उतरणारे, किंवा बांधाच्या प्रत्येक नव्या थराबरोबर थोडे थोडे चढत जाणारे पाणी निचरा बिघडल्याचे चिन्ह होय.

पाझर

गाळधरणातून काही पाणी पाझरणे स्वाभाविक आहे, किंबहुना निचऱ्यासाठी ते आवश्यक असते. पायथ्याच्या चरात इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराची खाच असलेला पत्रा (व्ही-नॉच) बसवून तो मोजतात. काटकोनी खाचेत पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असता प्रवाह सेकंदाला सुमारे ०.८ लिटर असतो. उंची १० सेंटिमीटर झाली की तो सुमारे ४.४ लिटर होतो. उंची दुप्पट झाली, तर प्रवाह साडेपाच पटींहून अधिक वाढतो, हे वाचन घेणाऱ्यास ठाऊक असणे आवश्यक आहे.

प्रमाणापेक्षाही पाण्याचा स्वच्छपणा महत्त्वाचा असतो. स्वच्छ पाझर एकवेळ चालतो, पण गढूळ पाझर म्हणजे बांध आतून वाहून जात असल्याची खूण होय. पाझर एकाएकी थांबणे हेही शुभ लक्षण नाही; निचऱ्याचे थर तुंबून पाणी आत अडत असण्याची शक्यता असते.

हालचाल

माथ्यावर व उतारावर काँक्रीटमध्ये पक्के बसवलेले बिंदू ठरावीक काळाने मोजून बांध किती खचला किंवा पुढे सरकला हे काढतात. बांधात उभ्या बसवलेल्या नळीतून उताऱ्याचे मापक (इन्क्लिनोमीटर) सोडून कोणत्या खोलीवर सरकण चालू आहे ते कळते. उपग्रहावरील रडारच्या साहाय्याने काही मिलिमीटरांपर्यंतची हालचाल दूरवरून टिपता येते. हालचाल किती झाली यापेक्षा तिचा वेग वाढतो आहे काय, हे अधिक महत्त्वाचे असते.

इशारापातळ्या व निर्णयाचा अधिकार

मोजमापाला अर्थ येतो तो आधी ठरवलेल्या मर्यादेमुळे. प्रत्येक पिझोमीटर, पाझराचे ठिकाण व हालचालीचा बिंदू यांसाठी स्थिरतेच्या गणितावरून तीन पातळ्या ठरवल्या जातात: नेहमीची, सावधगिरीची आणि धोक्याची. सावधगिरीच्या पातळीवर वाचनांची वारंवारता वाढवून अभियंत्यास कळवतात. धोक्याच्या पातळीवर गाळ सोडणे थांबवणे, तलावाचे पाणी उतरवणे, पायथ्याशी दगडांचा भार टाकणे आणि खालची वस्ती हलवणे ही कामे सुरू होतात.

ही पातळी ओलांडल्यावर गाळ सोडणे बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे नावानिशी लिहिलेले असावे लागते. गाळ थांबला की कारखाना थांबतो, त्यामुळे उत्पादनाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे एकट्याने हा निर्णय सोपवणे धोक्याचे मानतात. याच कारणासाठी तपासणी खाणमालकाहून स्वतंत्र अभियंत्याने करावी, अशी अपेक्षा असते. स्ताव्हा येथे १९७४-७५ मध्ये नेमका हाच दुवा निखळलेला होता.

आणीबाणीची योजना खालच्या वस्तीला ठाऊक नसेल, तर तिचा उपयोग नाही. गाळाचा लोंढा कोठपर्यंत व किती वेळात पोहोचेल याचा नकाशा, भोंगा, उंचावर जाण्याच्या वाटा आणि वर्षातून किमान एकदा सराव हे या योजनेचे घटक होत. वस्ती काही शे मीटरांवर असेल, तर कोणताही भोंगा पुरेसा ठरत नाही; तेव्हा धरणाची जागा किंवा वस्तीची जागा यांचाच विचार करावा लागतो.

देखरेखीच्या मर्यादा

देखरेख ही सदोष रचनेला पर्याय नाही. ब्राझीलमधील ब्रुमाडिन्यो येथील ८६ मीटर उंचीचे गाळधरण २५ जानेवारी २०१९ रोजी कोसळून २७० जण मृत्युमुखी पडले. हे धरण लहान नव्हते आणि त्यावर पिझोमीटर, इन्क्लिनोमीटर, रडार अशी साधने होती. तरीही कोसळण्यापूर्वी स्पष्ट इशारा मिळाला नाही. आतील बाजूने चढवलेल्या, सैल व पाण्याने भरलेल्या गाळाचे द्रवीभवन काही सेकंदांत झाले. खाणीची कचेरी व उपाहारगृह धरणाच्या थेट खाली होते.

ज्या बांधाची मोडण्याची रीत अशी अकस्मात असते, तेथे साधनांवर विसंबून राहता येत नाही. पाणी कमी करणे, उतार सौम्य करणे, पायथा भक्कम करणे आणि धोक्याच्या क्षेत्रातून माणसे हलवणे हेच उपाय उरतात.

खाण बंद झाल्यानंतर

खाण बंद पडली तरी गाळधरण उभेच राहते, आणि बहुधा याच काळात त्याकडे दुर्लक्ष होते. पंप थांबतात, पहारा उठतो, नोंदी हरवतात; पाऊस मात्र पूर्वीप्रमाणेच पडत राहतो. दक्षिण आफ्रिकेतील व्हर्जिनिया शहराच्या मेरीस्प्रेट या उपनगराच्या वर असलेला सोन्याच्या खाणीच्या गाळाचा ३१ मीटर उंच साठा २२ फेब्रुवारी १९९४ च्या रात्री फुटला. त्या भागात गाळ टाकणे अधिकृतरीत्या थांबवलेले होते. प्रत्यक्षात तेथे पाणी व गाळ येतच राहिले आणि मोकळी उंची संपत आली होती. सुमारे ५० मिलिमीटरांच्या एका वादळी पावसाने पाणी माथ्यावरून वाहू लागले. सुमारे ६ लाख घनमीटर गाळ वस्तीत शिरून १७ जण मृत्युमुखी पडले.

म्हणून तलाव बंद करताना साचलेले पाणी काढणे, पावसाचे पाणी वळवणारे चर खोदणे, कायमचा सांडवा बांधणे, माथा मातीने झाकून त्यावर गवत लावणे आणि पुढील पाहणीसाठी निधी राखून ठेवणे आवश्यक असते.

आंतरराष्ट्रीय मानक

ब्रुमाडिन्योनंतर संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, खाण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि जबाबदार गुंतवणुकीचा पुरस्कार करणारी गुंतवणूकदारांची संस्था यांनी मिळून ५ ऑगस्ट २०२० रोजी गाळधरणांच्या व्यवस्थापनाचे जागतिक मानक प्रसिद्ध केले. त्यात १५ तत्त्वे व ७७ अटी आहेत. या मानकात धरणाचे वर्गीकरण फुटल्यास होणाऱ्या हानीवरून केले जाते. त्यामुळे वस्तीवरचे लहान धरण ओसाड प्रदेशातील मोठ्या धरणापेक्षा वरच्या वर्गात येऊ शकते. प्रत्येक धरणासाठी नेमून दिलेला जबाबदार अभियंता, स्वतंत्र पुनरावलोकन आणि बाधित होऊ शकणाऱ्या लोकांना माहिती देणे यांवर त्यात भर आहे.

भारतातील स्थिती

गोव्यात लोहखनिज धुऊन शुद्ध करताना निघणारा बारीक तांबडा गाळ साठवण्यासाठी खाणींच्या परिसरात असे तलाव बांधले गेले. डोंगरउतार, मुसळधार पाऊस आणि खाली भातशेती व वस्ती असा तेथील भूगोल असल्यामुळे पावसाळ्यापूर्वीची तपासणी व मोकळ्या उंचीचा हिशेब यांना विशेष महत्त्व आहे. खाणकाम थांबलेल्या काळातही हे तलाव पाहणीखाली ठेवावे लागतात.

औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचे बांध हे गाळधरणांचे जवळचे नातेवाईक होत. त्यांतही बारीक कण पाण्याबरोबर साठवले जातात आणि बांध टप्प्याटप्प्याने चढवला जातो. नागपूरजवळील कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राखबांध जुलै २०२२ मध्ये पावसाळ्यात फुटून राख आसपासच्या शेतांत व नाल्यांत पसरली.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरांहून उंच धरणांना, तसेच विशिष्ट अटी पूर्ण करणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. त्यातील धरणाची व्याख्या नदी किंवा उपनदीवर पाणी अडवण्यासाठी वा वळवण्यासाठी घातलेल्या बांधाभोवती रचलेली आहे. नदीपासून दूर, डोंगरउतारावर गाळ साठवणारा छोटा बांध या चौकटीत सहज बसत नाही. अशा बांधाची सुरक्षा खाणविषयक व पर्यावरणविषयक परवान्यांच्या अटींवर आणि त्या अटींच्या प्रत्यक्ष तपासणीवर अवलंबून राहते.

स्मृती

स्ताव्हा दुर्घटनेतील मृतांच्या आप्तांच्या पुढाकारातून २००२ मध्ये 'स्ताव्हा १९८५' या नावाचे प्रतिष्ठान स्थापन झाले. दुर्घटनास्थळी त्याचे माहितीकेंद्र असून विद्यार्थी, भूशास्त्रज्ञ व अभियंते तेथे अभ्यासासाठी येतात. दुर्घटनेची कारणे आणि ती टाळण्याजोगी कशी होती, याची माहिती देणे हे या प्रतिष्ठानाचे मुख्य कार्य आहे.